नागपूरचा ४४०

नागपुरात पत्ता लिहायला घेतला की शेवटी हात आपोआप ४४० लिहितो. धरमपेठ असो, महाल असो नाहीतर मानेवाडा, सुरुवातीचे तीन आकडे तेच. इतके सवयीचे झालेत की आपण त्यांना ‘चार-चार-शून्य’ म्हणतो, चारशे चाळीस म्हणतच नाही. आणि तिथेच एक गंमत हातातून निसटते, कारण चारशे चाळीस ही संख्या म्हणून फार देखणी आहे.

मी ती इथे उलगडून दाखवणार आहे. पण एक गोष्ट आधीच सांगतो, कारण सगळा लेख तिच्याभोवतीच फिरतो. एखाद्या संख्येचे म्हणून जे ‘गुण’ सांगितले जातात ते सगळे एका जातीचे नसतात. काही तिच्या अंगचे असतात. जगाच्या पाठीवर कुठेही, कोणत्याही लिपीत, कोणत्याही काळात तसेच राहतात. काही आपण तिला ज्या पद्धतीने लिहितो त्यातून येतात. पद्धत बदलली की गुण गेला. आणि काही माणसांनी तिला लावून दिलेले असतात. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘आकड्यांच्या चमत्कारां’मध्ये हे तिन्ही एकाच भांड्यात घोळवलेलं असतं, म्हणून ते वाचून गणित कळत नाही, नुसतं डोकं चक्रावतं.

पिनकोड हा लावून दिलेला प्रकार. भारतात ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. दळणवळण मंत्रालयातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी, असं दुर्मीळ जोडकाम. देशाचे विभाग पाडले, त्यात ४ या आकड्यात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि आताचं छत्तीसगड आलं. पहिल्या तीन आकड्यांवरून पत्र कोणत्या भागात वर्गीकरणाला जाणार ते ठरतं. नागपूर शहराच्या वाट्याला ४४० आला. ४३९ आला असता तरी पत्रं तितक्याच वेळेत पोचली असती. टपालखात्याला या संख्येच्या पोटात काय आहे याच्याशी काही देणंघेणं नाही.

पोटात काय आहे ते बघायचं तर तिला फोडायचं. ४४० = २ × २ × २ × ५ × ११. याहून बारीक तुकडे होत नाहीत, आणि कोणीही, कुठूनही फोडायला सुरुवात केली तरी शेवटी हेच पाच तुकडे हाती लागतात. आता या संख्येला नि:शेष भाग कितींनी जातो? एकेक तपासत बसायची गरज नाही. विभाजक तयार करायचा म्हणजे या तुकड्यांतून काही उचलायचे. २ हा एकदाही न घेणं, एकदा, दोनदा किंवा तीनदा घेणं, असे चार पर्याय. ५ घ्या किंवा सोडा, दोन पर्याय. ११ चं तसंच. चार गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे १६ विभाजक: १, २, ४, ५, ८, १०, ११, २०, २२, ४०, ४४, ५५, ८८, ११०, २२० आणि ४४०.

शेजारी बघा. ४४१ म्हणजे २१ चा वर्ग, त्याला ९ विभाजक. ४३९ मूळ संख्या, तिला १ आणि ती स्वतः सोडून कोणीच नाही. म्हणजे एकाच ओळीत राहणाऱ्या तीन संख्या, पण स्वभाव किती निराळे. आणि हा फरक फक्त कागदावरचा नाही. एका ठिकाणी त्याने खरोखर काम केलेलं आहे.

हार्मोनियमवर मध्य सप्तकातली पांढरी सहा दाबली की जो सूर निघतो, त्याची कंपनसंख्या सेकंदाला ४४० धरली जाते. जगभरची वाद्यं एकमेकांशी जुळावीत म्हणून १९३९ मध्ये लंडनमधल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हा आकडा ठरला. त्याआधी देशोदेशी वेगवेगळे आकडे होते. इंग्लंडमध्ये ४३९ चालत होता. कानाला ४३९ आणि ४४० यांतला फरक जवळजवळ कळतच नाही. मग ४३९ का नाही?

रेडिओवरून प्रमाण सूर ऐकवायचा तर तो अचूक हवा. बीबीसीच्या अभियंत्यांकडे एक स्फटिक होता, तो सेकंदाला बरोबर दहा लाख वेळा कंप पावायचा. त्याला विद्युत मंडलांनी १००० ने भागलं की १०००. त्याला ११ ने गुणायचं, ११,०००. मग २५ ने भागायचं, ४४०. झालं. प्रत्येक पायरी छोट्या संख्येची, म्हणून मंडलं करणं शक्य. ४३९ हवा असता तर कुठेतरी एका फटक्यात ४३९ ने गुणणारं मंडल लागलं असतं, कारण ती मूळ संख्या, तिचे तुकडेच पडत नाहीत. त्या काळच्या साधनांना हे झेपणारं नव्हतं. आज बासरीवाला ट्यूनर लावतो तेव्हा पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यामागे ४४० चा ११ हा अवयव उभा आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ‘अवयव काढून काय उपयोग?’ असं शाळेत विचारणाऱ्या प्रत्येक मुलाला ती सांगावी.

आता संत्री. नागपूर म्हटलं की ती येणारच, पण इथे ती गणितासाठी लागतात. स्टेशनजवळच्या संत्रा मार्केटला किंवा कळमन्याला फळांच्या ढिगाकडे नीट बघा. गोल फळ तळाशी पसरायचं, त्याच्या खोबणीत वरचा थर बसवायचा, असं करत निमुळतं होत जायचं. आपण त्रिकोणी तळाचा ढीग रचू. वर एक संत्रं. त्याखाली तीन. त्याखाली सहा, मग दहा, पंधरा, एकवीस, अठ्ठावीस, छत्तीस, पंचेचाळीस आणि दहाव्या, सगळ्यात खालच्या थरात पंचावन्न. प्रत्येक थर म्हणजे १ + २ + ३ अशी बेरीज, जितकावा थर तितक्या ओळी. दहा थरांची मिळून संत्री होतात २२०. असे दोन ढीग केले की ४४०.

दोन का, ते बघू, कारण खरी मजा तिथे आहे. दोन्ही ढिगांचा चौथा थर उचलून जमिनीवर ठेवा. एकेका थरात दहा संत्री: ओळींत एक, दोन, तीन, चार. दुसरा त्रिकोण उलटा करून पहिल्याला चिकटवा. एकच्या ओळीला चारची ओळ मिळते, दोनला तीन, तीनला दोन, चारला एक. प्रत्येक ओळीत पाच संत्री, ओळी चार. चार बाय पाचचा व्यवस्थित आयत तयार होतो, वीस संत्र्यांचा. प्रत्येक थराचं असंच होतं. पहिल्या थरांचा १ × २, दुसऱ्यांचा २ × ३, आणि शेवटच्यांचा १० × ११. म्हणजे

१×२ + २×३ + ३×४ + … + ९×१० + १०×११ = ४४०.

बेरीज करून बघायची तर २, ६, १२, २०, ३०, ४२, ५६, ७२, ९०, ११०. वही-पेन घेऊन करा, एका मिनिटात होते. पण शंभर थरांचा ढीग असेल तर? तिथे युक्ती लागते, आणि ती इतकी सुबक आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

४ × ५ घ्या. त्याच्या मागचा आणि पुढचा शेजारी बोलवा, म्हणजे ३ आणि ६. आता ४×५×६ मधून ३×४×५ वजा करा. दोन्हीकडे ४ × ५ आहेच, उरतं ६ वजा ३, म्हणजे ३. तर ही वजाबाकी म्हणजे ४ × ५ च्या तिप्पट. ७ × ८ घेतलं तर मागचा ६, पुढचा ९, फरक पुन्हा ३. फरक नेहमी ३ च येणार. म्हणून आपल्या बेरजेची तिप्पट करताना प्रत्येक पदाच्या जागी अशी वजाबाकी लिहायची:

(१×२×३ − ०) + (२×३×४ − १×२×३) + (३×४×५ − २×३×४) + …

एका कंसात जे मिळवलं ते पुढच्या कंसात वजा होतं. सगळं एकमेकांना खाऊन टाकतं आणि उरतं फक्त शेवटचं, १० × ११ × १२ = १३२०. ही तिप्पट, म्हणून मूळ बेरीज ४४०. शंभर थर असतील तर १०० × १०१ × १०२ भागिले ३. दोन ओळींत उत्तर.

एका ढिगाचं सूत्र आपल्याकडे फार जुनं आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये लिहिलेल्या ‘आर्यभटीया’च्या गणितपादात ‘चितिघन’ म्हणून ते येतं. थरांची संख्या आणि तिच्या पुढच्या दोन संख्या यांचा गुणाकार करा, ६ ने भागा. लगेच दुसरी रीतही दिली आहे: थरांच्या संख्येत एक मिळवा, आलेल्या संख्येच्या घनातून तीच संख्या वजा करा, ६ ने भागा. दहा थरांसाठी करून बघा. ११ चा घन १३३१, त्यातून ११ गेले, १३२०, भागिले ६, २२०. लिहिलं तेव्हा आर्यभट तेवीस वर्षांचा होता. पुढच्याच श्लोकात तो घनांची बेरीज सांगतो, आणि आपल्या ४४० च्या शेजारणीची, ४४१ ची, ओळख तिथे पटते: १ ते ६ यांच्या घनांची बेरीज, १ + ८ + २७ + ६४ + १२५ + २१६, बरोबर ४४१.

जाता जाता, एका ढिगाचे २२० हे स्वतः नावाजलेले आहेत. २२० ला भाग जाणाऱ्या, तिच्याहून लहान सगळ्या संख्यांची बेरीज येते २८४. आणि २८४ चं तेच केलं की परत २२०. अशा जोडीला मित्रसंख्या म्हणतात आणि सगळ्या मित्रजोड्यांत ही सर्वात लहान. ४४० मध्ये हा गुण उतरत नाही, दुप्पट केलं की मैत्री तुटते. ४४० च्या लहान विभाजकांची बेरीज तब्बल ६४० येते.

इथवर जे सांगितलं ते सगळं ४४० च्या अंगचं. संत्री मोजणारा माणूस आकडे रोमन लिहो की खडूच्या रेघा मारो, दोन ढिगांत ती तेवढीच राहतात. आता दुसऱ्या जातीचा गुण.

४ + ४ + ० = ८. आणि ४४० ला ८ ने नि:शेष भाग जातो, उत्तर ५५. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो तिला हर्षद संख्या म्हणतात. हे नाव दिलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म १९०५ मध्ये डहाणूचा, नोकरी आयुष्यभर देवळालीला शाळामास्तराची, आणि संख्यांचा नाद असा की ६१७४ या संख्येला आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. त्यांच्या नावाच्या आणखी एका जातीच्या संख्या आहेत, आणि आपल्या भागाकारातून आलेली ५५ नेमकी त्यातली. ५५ चा वर्ग ३०२५. तो मधोमध तोडा: ३० आणि २५. बेरीज ५५.

हे का होतं? ३०२५ म्हणजे ३० शतकं अधिक २५. एका शतकाऐवजी एक धरलं की प्रत्येक शतकामागे ९९ कमी होतात. म्हणून तोडून बेरीज करणं म्हणजे मूळ संख्येतून ९९ च्या पटी काढून टाकणं. ती बेरीज पुन्हा ५५ यायची तर ५५ च्या वर्गातून ५५ वजा केल्यावर ९९ ची पट उरली पाहिजे. ५५ × ५५ − ५५ = ५५ × ५४. ५५ मध्ये ११ आहे, ५४ मध्ये ९ आहे. ९९ जमले! चमत्कार वाटत होता तो साध्या भागाकारात सुटला, आणि माझ्या मते सुटल्यावर जास्त सुंदर दिसतो.

पण हे ९९ आले कुठून? आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून. आठच्या पटीत मोजणाऱ्या अष्टमान पद्धतीत ४४० कशी लिहितात बघा. ६ चौसष्टं, ७ आठ आणि शून्य, म्हणजे ६७०. अंकांची बेरीज १३. आणि ४४० ला १३ ने भाग जात नाही. हर्षदपण गेलं! संगणकाच्या द्विमान पद्धतीत ती ११०१११००० अशी लिहितात. तिथे पाच वेळा १ येतो आणि ५ ने भाग जातो, म्हणजे तिथे पुन्हा हर्षद. संख्या तीच, अंग तेच, पण कपडे बदलले की हा गुण येतो-जातो. त्यामुळे कापरेकरांचं काम कमी ठरत नाही. लिहिण्याच्या पद्धतीतही किती रचना दडलेली असते हे शोधायला दृष्टी लागते. फक्त कोणता गुण कुणाचा हे माहीत हवं.

यातून पिनकोडावर एक खेळ करता येतो. ४४०००१ घ्या. अंकांची बेरीज ९, आणि बेरीज ९ आली की ९ ने भाग जातोच. म्हणून तो हर्षद. ४४००१० चंही तेच. ४४०० नंतर दोन अंक अशा रूपात बेरीज ९ येणारे दोनच निघतात, एक मुख्य टपाल कार्यालयाचा आणि एक धरमपेठेचा. ११ ने भाग जातो का ते आणखी सोपं. ४४०००० मध्ये ११ आधीच आहे, तेव्हा फक्त शेवटचे दोन अंक बघायचे. ४४००२२ ला जातो, ४४००२४ ला नाही. ८ चंही तसंच: ४४००२४ ला जातो, ४४००२२ ला नाही. घरी बसल्या बसल्या मुलांकडून करून घ्यावं असं आहे.

शेवटचा गुण मूळ संख्यांचा, आणि तो मी मुद्दाम राखून ठेवला होता. २ पासून सुरुवात करून मूळ संख्या ओळीने मिळवत चला: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९. पहिल्या सतरा. बेरीज ४४०. आता थांबू नका, पुढच्या चार मिळवा: ६१, ६७, ७१, ७३. बेरीज ७१२. आणि नागपूरचा एसटीडी कोड ०७१२!

पहिल्यांदा दिसतं तेव्हा अंगावर काटा येतो. मग हिशेब करायचा. हजाराच्या आत अशा बेरजा २४ आहेत. आंधळेपणाने निवडलेली हजाराच्या आतली संख्या त्यात सापडण्याची शक्यता साधारण चाळीसात एक, आणि दोन्ही सापडण्याची सतराशेत एक. फारच दुर्मीळ, नाही का? तसं नाही. मी आधी ‘मूळ संख्यांच्या बेरजा’ ठरवून मग नागपूर तपासलं असतं तर दुर्मीळ. पण वर्ग, घन, हर्षद, त्रिकोणी संख्या, अशा शेकडो याद्या आहेत, आणि मी त्यांतली जुळणारी उचलून तुमच्यासमोर ठेवली. शोधलं तर प्रत्येक शहराला असं काहीतरी मिळतं. पुण्याचा एसटीडी कोड ०२०, त्याचा वर्ग ४००, आणि मुंबईचा पिनकोड ४०० ने सुरू होतो. याचा अर्थ काहीच नाही. संख्यांची गोष्ट खरी, शहराशी जुळणं निव्वळ योगायोग.

पण बेरजांची ती ओळ मात्र थांबून बघण्यासारखी आहे. संत्र्यांच्या ढिगाला सूत्र होतं, इथे तसं हातात मावणारं सूत्र नाही. मिळवतच जावं लागतं. फार तर अंदाज बांधता येतो. जाक आदामार आणि शार्ल द ला व्हाले-पूसँ यांनी १८९६ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, मूळ संख्या पुढे पुढे किती विरळ होतात याचा नियम सिद्ध केला. त्यावरून अंदाज असा: जितक्या मूळ संख्या घेतल्या त्या आकड्याचा वर्ग करा, त्याच आकड्याच्या नैसर्गिक लॉगॅरिदमने गुणा, निम्मं करा. सतरासाठी ४०९ येतात, खरे ४४०. एकवीससाठी ६७१, खरे ७१२. थोडे कमी, पण चाल बरोबर, आणि फार फार पुढे गेल्यावर, तेही अगदी सावकाश, चूक प्रमाणाने घटत जाते.

आणखी एक विचारता येतं. पहिल्या सतरा मूळ संख्यांची सरासरी पूर्णांक येते का? ४४० ला १७ ने भागलं की बाकी १५ उरते, नाही येत. ७१२ ला २१ ने भागा, बाकी १९. पण आणखी दोनच मूळ संख्या घ्या, ७९ आणि ८३. आता तेवीस झाल्या, बेरीज ८७४, आणि ८७४ म्हणजे बरोबर २३ गुणिले ३८. त्यानंतर असं जमतं ते पहिल्या ५३ मूळ संख्यांना: बेरीज ५८३०, सरासरी ११०. मग थेट ८५३. मग ११,८६९. पुढेही काही सापडल्या आहेत, संगणकांनी मिळवत मिळवत. ही यादी कधी संपते की संपतच नाही, हे आजवर कोणी सिद्ध केलेलं नाही.